कणगी, बळद आणि पेव : माहिती कोठे साठवावी?

गेल्या वर्षी कार्तिकात उसाला दारे धरीत असताना माझा मोबाईल पाटात पडला. चिखलातून हुडकून काढीपर्यंत पाच-सात मिनिटे गेली असतील. पाटसला एकाने व दौंडला दुसऱ्याने तो उघडून पाहिला आणि दोघांनीही मान हलविली. मोबाईल गेल्याचे दुःख मर्यादित होते. तो तसा जुनाच होता. परंतु त्यात माझ्या आजीच्या आवाजातील ओव्यांची चौदा ध्वनिमुद्रणे होती, सारी मिळून सुमारे दीड तासाची. आणि आजी त्याच वर्षी श्रावणात वारली होती.

नवा मोबाईल घेतल्यावर जुने खाते उघडले, तेव्हा एकेक गोष्ट खाली उतरू लागली. सुमारे चार हजार छायाचित्रे आली. चुलत्याच्या लग्नाची वरात आली, कोणाकोणाचे ‘शुभ सकाळ’ आले, वर्गातील फळ्याचे धूसर फोटो आले. ओव्या मात्र आल्या नाहीत. शोध घेतल्यावर कळले, की मी चालू करून ठेवलेली सोय केवळ छायाचित्रे व चलच्चित्रे वर नेऊन ठेवणारी होती. नुसता आवाज तिच्या कक्षेतच येत नव्हता. ही गोष्ट तेथे स्पष्ट लिहिलेली होती. मी ती कधी वाचली नव्हती. चौदांपैकी तीन ओव्या वाचल्या, त्याही माझ्या शहाणपणाने नव्हे. दौंडच्या आत्याने ‘आईचा आवाज पाठव रे’ म्हणून तगादा लावला होता, म्हणून तेवढ्या तिच्या मोबाईलवर जाऊन बसल्या होत्या.

ही हकीकत मराठीच्या सरांना सांगितली. ‘बॅकअप का घेतला नाहीस?’ असे सगळेच विचारीत होते. सरांनी निराळे विचारले : “तुला त्या कुठं ठेवायला हव्या होत्या, ते तरी आता ठाऊक आहे का?” ठाऊक नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले व करून पाहिले, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे. मी संगणकाचा विद्यार्थी नव्हे, द्वितीय वर्ष कला शाखेचा आहे. तेव्हा तज्ज्ञांनी उणिवा पदरात घ्याव्यात.

आरंभी ‘क्लाउड’ या शब्दाविषयी. या नावाने आपली अशी समजूत होते, की आपली माहिती कोठेतरी अधांतरी तरंगत आहे. प्रत्यक्षात ती कोणाच्या तरी इमारतीत, कोणाच्या तरी यंत्रांवर, वीज आणि थंड हवा यांच्या आधारावर ठेवलेली असते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात ही केंद्रे उघडली तेव्हा त्यांतील एक पुण्याला उघडले. ॲमेझॉनने पुढच्याच वर्षी मुंबईस. म्हणजे पाटसहून ज्या पुण्याला आपण साठेक किलोमीटरचा प्रवास करून पुस्तके आणावयास जातो, तेथेच या आभाळाचा एक तुकडा जमिनीवर उभा आहे. आभाळ म्हणजे भाड्याचे कोठार, एवढे ध्यानात ठेवले की बरेच प्रश्न सोपे होतात. भाडे किती, किल्ली कोणाजवळ, आग लागली तर काय, हे प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत.

कोठारावरून आजीचेच घर आठवते. तिच्या लहानपणी धान्य एकाच ठिकाणी कधी ठेवीत नसत, असे ती सांगे. रोजच्या दळणाचे उतरंडीच्या मडक्यांत. चार-सहा महिन्यांचे कणगीत. ती शेणामातीने लिंपलेली असे. त्याहून अधिक असल्यास बळदात. आणि वर्षानुवर्षांची ज्वारी जमिनीखालच्या पेवात. पेव उघडणे हे एका माणसाचे काम नव्हे. तोंड मोकळे करून आतली कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागे, घाईने उतरणारा गुदमरून मरे. म्हणून उद्याच्या भाकरीची ज्वारी पेवात कोणी ठेवीत नसे आणि दुष्काळाची ज्वारी उतरंडीत कोणी ठेवीत नसे. बियाण्याचे तर सगळेच वेगळे. निवडक कणसे आढ्याला टांगायची किंवा दाणे राखेत घोळवून झाकायचे, आणि थोडे बियाणे भावकीत दुसऱ्याच्या घरीही असायचे. खायचे धान्य संपले तर विकत आणता येते, पण घरचे वाण एकदा गेले की गेले.

माझ्या मोबाईलमधील चार हजार छायाचित्रे हे खायचे धान्य होते. ओव्या बियाणे होते. मी दोन्ही एकाच मडक्यात ठेवले होते.

योगायोगाने ओव्यांच्या बाबतीत आपल्या पुणे जिल्ह्यातच एक मोठा दाखला उपलब्ध आहे. समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम १९८० नंतरच्या दशकात हाती घेतले. त्यांनी व गावोगावच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आपल्या शिरूर भागातील गावांच्या बायकाही त्यांत आहेत. पुढे बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोहोंचे अभ्यासक त्यांना मिळाले. त्यांनी ओव्यांच्या संहितेची संगणकीय सूची बांधली आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. हे सर्व साहित्य प्रथम गुरगावच्या संगीतविषयक संग्रहालयात राहिले, नंतर फ्रान्समधील एक्स-आं-प्रोवांस येथील भाषाविषयक संग्रहात गेले, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून ते आपल्यापुढे येत आहे. राईरकर व पॉइटवाँ आज हयात नाहीत. त्यांचा संग्रह मात्र तीन ठिकाणचे पाणी प्यायलेला आहे, आणि माझ्या मते तेच त्याच्या टिकण्याचे मोठे कारण आहे.

या संग्रहावर मी एक हिशोब करून पाहिला, आणि मला स्वतःलाच त्याचे नवल वाटले. संगणकात मराठीचे एक अक्षरचिन्ह साधारणतः तीन बाइट जागा घेते. एका ओवीची अशी ऐंशी चिन्हे धरली, तर एक ओवी २४० बाइटांत बसते. एक लाख दहा हजार ओव्या घेतल्या तरी सारी संहिता सुमारे २६ मेगाबाइटांत मावते. म्हणजे एका लाखाहून अधिक ओव्यांचे शब्द हे वरातीच्या दोन-चार मिनिटांच्या चित्रणापेक्षा हलके आहेत. उलट सीडीच्या प्रतीचा आवाज एका तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट घेतो. १२० तासांचे झाले ७६ गिगाबाइट. ओवी तीच, परंतु तिचा आवाज तिच्या शब्दांच्या जवळजवळ तीन हजार पट जागा मागतो.

‘कोणती सेवा चांगली?’ हा प्रश्नच अपुरा आहे, हे मला या हिशोबावरून उमगले. ओवीच्या संहितेला जागेचा प्रश्न नाहीच. कोणतेही फुकट खाते तिला पुरते, आणि एक सोडून पाच ठिकाणी ठेवली तरी खर्च शून्य. तिला खरा धोका लिपीचा आहे. संहिता युनिकोडात असेल तर ती शंभर ठिकाणी वाचता येईल. जुन्या छपाईच्या फाँटात असेल, तर तो फाँट नसलेल्या यंत्रावर तिची किड्यामुंग्यांची रांग होते. (आपल्या याच वार्षिकांकाच्या काही जुन्या वर्षांच्या सीडी कपाटात आहेत. त्या उघडल्या तर हीच रांग दिसते. छापील अंक मात्र वाचता येतात!) आवाजाचे निराळे. त्याला जागा लागते, म्हणून पैसे लागतात. आणि पैसे वाचविण्यासाठी आवाज दाबून लहान केला, तर भाषेच्या अभ्यासकाला हवे असलेले बारकावे त्यातून जाऊ शकतात. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे एके ठिकाणी जपावे आणि ऐकण्या-ऐकविण्यासाठी त्याची हलकी प्रत वेगळी काढावी. हलकी प्रत उतरंडीत, मूळ प्रत पेवात.

खरीखुरी पेवेही संगणकाच्या जगात आहेत. मोठ्या कंपन्या संस्थांना असे कोठार भाड्याने देतात, की ज्यात ठेवणे अतिशय स्वस्त, पण बाहेर काढण्यास वेळ लागतो आणि काढण्याचे वेगळे पैसे पडतात. ॲमेझॉनच्या अशा सर्वांत खोल पेवातून माहिती वर यावयास बारा तास किंवा अधिकही लागतात. ग्रंथालयाने दुर्मिळ हस्तलिखितांची छायाचित्रे घेतली असतील, तर त्यांच्या मूळ प्रतींना ही व्यवस्था योग्य. विद्यार्थ्याने परीक्षेच्या नोट्स तेथे ठेवल्यास त्याचे काय होईल ते सांगावयास नको.

आता कागदपत्रांकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांनी आधार, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला यांचे फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवले आहेत, आणि अर्ज भरताना ते वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरून इकडून तिकडे जातात. ही पद्धत मला आता भीतिदायक वाटते. या कामासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये डिजिलॉकर सुरू केले आहे. त्यातील एक मर्म मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तेथे दोन खण आहेत. एका खणात, ज्या कचेरीने कागद दिला तिच्याकडूनच तो येतो. अशा कागदाला कायद्याने मुळाच्या बरोबरीची मान्यता आहे. दुसऱ्या खणात आपण आपल्या हाताने फोटो चढवितो. त्यासाठी एक गिगाबाइट जागा मिळते, परंतु तो शेवटी झेरॉक्सच. माझ्या एका मित्राने बारावीची गुणपत्रिका दुसऱ्या खणात चढविली आणि ‘सरकारी लॉकरमध्ये आहे’ म्हणून निर्धास्त राहिला. प्रवेशाच्या वेळी ती चालली नाही. पहिल्या खणातून मागविली असती तर पाच मिनिटांचे काम होते.

सातबाऱ्याचेही असेच. घराघरांत सातबाऱ्याचे फोटो जपून ठेवलेले असतात. वडिलांच्या मोबाईलमध्ये तीन निरनिराळ्या वर्षांचे निघाले, आणि त्यांतील ताजा कोणता, यावर घरात अर्धा तास वाद झाला! महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नाममात्र शुल्कात मिळतो. ज्या गोष्टीची अस्सल व अद्ययावत प्रत दुसरा कोणी बांधीलकीने सांभाळीत आहे, ती आपण साठविण्यापेक्षा लागेल तेव्हा ताजी मागवावी. जुने हस्तलिखित फेरफार, खरेदीखते, घरगुती वाटणीचे कागद यांना मात्र हे लागू नाही. तेथे घरचाच कागद अस्सल असतो, म्हणून त्याचे चांगले स्कॅन हवे, आणि तेही उघड्या फोल्डरात नव्हे.

छायाचित्रांविषयी फार लिहीत नाही, कारण त्यांची सोय बहुतेकांना माहीत आहे. एवढेच सांगतो, की गूगलने छायाचित्रांची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. आता १५ गिगाबाइटांच्या एकाच कणगीतून पत्रे, फायली आणि छायाचित्रे ही तिन्ही खातात; अँड्रॉइड मोबाईलवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. तेव्हा कोणाच्या वाढदिवसाच्या चित्रांनी कणगी भरली, तर महत्त्वाचे पत्र दाराशी अडते. ॲपलच्या व मायक्रोसॉफ्टच्या फुकट कणग्या पाच-पाच गिगाबाइटांच्याच आहेत. जागा विकत घेता येते, महिन्याला शंभर-दीडशे रुपयांच्या आसपास. परंतु ते भाडे आहे, खरेदी नव्हे, हे विसरू नये. ज्या वर्षी भरणारा माणूस राहत नाही, त्या वर्षी काय होईल?

याहून अधिक गोंधळ ‘जुळवणी’ आणि ‘प्रत’ यांत होतो. प्रकल्पाचा निबंध आपण लिहितो, तो मोबाईलवर, ग्रंथालयाच्या संगणकावर, घरी, सगळीकडे आपोआप सारखा राहतो. चालू कामाला ही सोय उत्तम. चौघांनी मिळून एकच प्रकल्प लिहावयाचा असेल तर तीहून चांगली नाही. पण सारखा राहतो याचा अर्थ असाही, की एकीकडे पुसला तर सगळीकडे पुसला जातो. कचरापेटीत तो महिनाभर असतो, मग तेथूनही जातो. आरशात दिसणाऱ्या दिव्याला आपण दुसरा दिवा समजतो, तसला हा प्रकार आहे. म्हणून काम पूर्ण झाले, की त्याची एक प्रत जुळवणीच्या बाहेर काढून ठेवावी.

सगळे एकाच कोठारात ठेवण्याचा धोका सांगण्यासाठी दूर जावयास नको. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. प्राणहानी झाली आणि असंख्य फायलींची राख झाली. ज्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती, त्यांचे कागद पुन्हा जुळवीत बसावे लागले. तेव्हा पुष्कळांनी म्हटले, की कागद होते म्हणून जळाले, संगणकात असते तर वाचले असते. परंतु २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात डेजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठवणीतील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तीही संगणकातच होती. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. छायाचित्रकारांत एक आडाखा रूढ आहे : प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. आजीच्या पिढीने बियाणे भावकीत ठेवले, त्यात आणि यात मला काही अंतर दिसत नाही.

राहिला किल्लीचा प्रश्न, आणि आमच्याकडे तोच सर्वांत कच्चा आहे. खेड्यात मोबाईल घेताना खाते दुकानदारच उघडून देतो. पासवर्ड त्याने काय टाकला, हे त्यालाही पुढे आठवत नाही. नंबर बदलला की ओटीपी जुन्या नंबरवर जातो, आणि जुना नंबर एव्हाना परक्याच्या खिशात असतो. कोठार शाबूत, धान्य शाबूत, आणि कुलूप उघडत नाही. शिवाय दोन वर्षे ज्या खात्याला कोणी हात लावला नाही, ते पुसण्याचा अधिकार गूगलने २०२३ पासून स्वतःकडे ठेवला आहे. दिवंगत माणसांची खाती अशीच जातील. आपल्या माघारी खाते कोणाकडे जावे हे आधी नोंदविण्याची सोय तेथे आहे; घरातल्या कोणी ती वापरली आहे का, असे मी वर्गात विचारून पाहिले. हात एकही वर आला नाही. विचारणाऱ्याचाही नव्हता.

आता माझी व्यवस्था सांगतो. आत्याकडून आलेल्या तीन ओव्या मूळ स्वरूपात एका खात्यात आहेत, तशाच एका पेनड्राइव्हवर आहेत, तो पेनड्राइव्ह दौंडला आत्याच्या कपाटात आहे. ओव्यांचे शब्द मी युनिकोडात उतरवून घेतले आणि कागदावरही छापून घेतले. उरलेल्या अकरांपैकी पाच-सहांचे शब्द आईला व आत्याला अर्धेमुर्धे आठवतात, तेही लिहिले आहेत. कोणती ओळ कोणी सांगितली हे शेजारी नोंदविले आहे. दीड तासांचे ते ध्वनिमुद्रण जेमतेम नव्वद मेगाबाइटांचे होते. वरातीचे चित्रण त्याच्या वीसपट आहे आणि ते सुखरूप आहे. असो.

या दिवाळीच्या सुटीत आमच्याच आळीतील एका वृद्ध बाईंकडे ओव्या ध्वनिमुद्रित करावयास गेलो. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. या वेळी माझी तयारी चोख होती. कोणते फोल्डर कोठे, हलकी प्रत कोठे, सारे आखून नेले होते. त्यांना मी म्हटले, “आजी, तुमच्या ओव्या मी दोन-तीन ठिकाणी जपून ठेवतो, लोकांनाही ऐकवतो. चालेल ना?” त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, “पंढरीची, भावाची कुनालाबी ऐकव. पर सासुरवासाची मी जित्ती हाय तवर नगं.”

सासुरवासाच्या सात ओव्या आहेत. त्या वेगळ्या फोल्डरात, कुलूपबंद ठेवल्या आहेत, आणि फोल्डरच्या नावात त्यांची अट त्यांच्याच शब्दांत लिहिली आहे.